फुलपाखराच्या नावातला संत

विद्यापीठात शब्दकोशाचं काम करणारा फेराखर टेपरेकॉर्डर घेऊन ऑयरिकबाईंच्या दारात आला, तेव्हा त्यांचं गवत वाळत पडलं होतं आणि समुद्रावरून ढग येत होते. पण युइस्ट बेटावर पाहुण्याला चहाशिवाय परत धाडत नाहीत आणि चहा घाईनं देत नाहीत.

"मावशी, आपल्या गेलिक भाषेत फुलपाखराला 'जालन-जे' का म्हणतात? देवाची वीज कशाला?"

कारण बाईंना माहीत होतं. त्यांची आई चुलीतली जळती काडी अंधारात गरगर फिरवायची. हवेत उमटणाऱ्या त्या लखलखत्या कड्याला ती जालन-जे म्हणायची. फुलपाखराच्या पंखांची लुकलुकही तशीच. पण हे करून दाखवायला हवं होतं, आणि गवत बाहेर होतं.

"एक संत दलदलीत वाट चुकला," त्या म्हणाल्या. "वीज चमकली, तिच्यातून फुलपाखरू निघालं, त्यानं वाट दाखवली. झालं."

"हे कोणाकडून ऐकलंत?"

बाई अडखळल्या. दारात उभ्या असलेल्या भावाला, लाखलनला, पाहुण्यासमोर बहीण खोटी पडलेली बघवेना. "आमची आई सांगायची," तो म्हणाला.

गवत भिजलंच.

संत आधी रेडिओवर गेला. मग शाळेनं त्याचं नाटक बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात दलदलीपाशी पाटी लागली.

"तुझा संत माझ्या कुरणात आलाय," शेजारची मोराग म्हणाली. "पाटीवाले मेंढ्या हलव म्हणतायत."

बाई दरवेळी खरं सांगायला उठत, आणि कोणीतरी त्यांना मानाची खुर्ची पुढे करी.

तीन वर्षांनी फेराखर शब्दकोशाचं छापील पान दाखवायला आला. बाईंनी भर दुपारी पडदे ओढले, काडी पेटवली आणि फिरवली. हवेत लाल कडं उमटलं.

"सुरेख," फेराखर हळहळत म्हणाला. "एका जुन्या मास्तरांचंही हेच मत होतं. आम्ही ते तळटीपेत खोडून काढलंय."

"का?"

"तुमच्या साक्षीवरून, मावशी. तुमच्या आणि लाखलनकाकांच्या."

बाई भावाकडे वळल्या. "सांग याला. आई काडी फिरवायची की नाही?"

लाखलननं मनापासून आठवून पाहिलं.

"काडी नाही गं आठवत," तो म्हणाला. "पण ती संताची गोष्ट सांगायची ना, तेव्हा तिचा आवाज किती मऊ व्हायचा."

बाईंनी काडी विझवली, पडदे उघडले आणि चहा ठेवला.