सासूबाई बसल्या की गाडी बंद

गाडीचा रोग आपण स्वतःच शोधून काढायचा, असं मी एका बेसावध क्षणी जाहीर केलं. माझी बायको झिपार चहा ओतत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही?" ती म्हणाली.

एका शब्दात माणसाचा इतका अपमान करता येतो, हे लग्नाआधी मला ठाऊक नव्हतं.

गाडी जुनी, जर्मन. आमच्या नारिनमध्ये येण्याआधी तिने किती मालक पाहिले हे तिचं तिलाच ठाऊक. पण रोग विचित्र. मी एकटा पाणीवाटप कचेरीत जायचो तेव्हा शहाण्या घोड्यासारखी धावायची. आणि एखाद्या दिवशी मात्र भर रस्त्यात रेडिओ गप्प, दिवे मिणमिण, वायपर आपणहून एकदा वर जाऊन मध्येच उभे, आणि इंजिन ठप्प! पाच मिनिटांनी पुन्हा चालू, जणू काही घडलंच नाही. शेजारचा झोल्चू म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. मेकॅनिककडे नेली की गाडी अशी गोड वागायची, की तो माझ्याकडेच संशयाने बघायचा. झिपारने आर्चाच्या डहाळ्यांचा धूर करून गाडीची दृष्ट काढली. मी प्लग बदलले, फ्यूज बदलले, तारा हलवून पाहिल्या. (कुठली तार कशाची हे माहीत नसल्यामुळे मी सगळ्याच हलवल्या. त्यानंतर काही दिवस ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा.)

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गाडी बंद पडायची तेव्हा दर वेळी सासूबाई गाडीत असायच्या.

सासूबाई म्हणजे साइराकान. भारदस्त बाई. हा शब्द मी जपून वापरतोय. त्यांना मुळात जनावरांचा डॉक्टर जावई हवा होता, मिळाला कारकून. गाडी थांबली की त्या मागच्या सीटवरून शांतपणे म्हणायच्या, "डॉक्टर असता तर निदान नाडी तरी बघितली असती."

अशात धाकट्या मेव्हण्याचं, मेदेरचं, जमत आलं. मुलगी नुरझात, आत-बाशीकडची. पण तिच्या घरच्यांचं मन होईना. 'सासू फार मानी आहे म्हणतात, आमच्या पोरीचा निभाव लागेल का?' असं त्यांच्याकडून कानावर आलं होतं. तरीही त्यांनी बोलावलं होतं. सासूबाईंनी जाऊन मुलीच्या कानात कर्णफुलं घालायची. घालू दिली म्हणजे सोयरीक पक्की. घटका चुकली, नाही तर काही वेडंवाकडं झालं, तर मेदेर जन्मभर माझ्या नावाने खडे फोडणार.

निघालो. बर्फ नुकतं वितळलेलं, सगळीकडे चिखल. म्हणून मी शहाणपणाने गमबूट घातले होते. पुढच्या सीटवर पिठाच्या तळलेल्या बोर्सोकांचं भलंमोठं पोतं, मागे झिपार, आणि तिच्या उजवीकडे, मानाच्या जागी, नव्या मखमली कोटात सासूबाई. नारिन सोडून घाट लागला, पहिला खड्डा आला आणि गाडी बंद पडली.

"आलं का ठिकाण?" सासूबाईंनी विचारलं.

मी बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघत राहिलो. (आत बघितल्यावर काय बघायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.) सासूबाई वैतागून खाली उतरल्या. मी सहज किल्ली फिरवली. चालू! त्या बसल्या. थोडं गेलो, खड्डा. बंद! उतरल्या. चालू! पुन्हा बसल्या. पुन्हा बंद! पुन्हा उतरल्या. एक मेंढपाळ घोडा थांबवून हा खेळ मन लावून बघत होता. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी झिपारला बाजूला नेलं.

"अगं, गाडी आईंमुळे बंद पडते."

"लाज नाही वाटत? माझी आई काय चेटकीण आहे?"

"तसं नाही गं. या गाडीची बॅटरी कुठे असते माहीत आहे? मागच्या सीटखाली!"

सीट उचलली. खाली बॅटरी उघडीवाघडी, वरचं झाकण कुठल्या जन्मी हरवलेलं. सीटची एक स्प्रिंग नेमकी बॅटरीच्या टोकावर आलेली आणि तिला जळल्याचा काळा डाग. वर वजन पडलं आणि खड्डा लागला, की स्प्रिंग टोकाला टेकायची, सगळी वीज भलतीकडे पळायची आणि गाडी मान टाकायची. मला आनंदाने नाचावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी सापडलं होतं!

"काय कुजबुजताय?" मागून आवाज आला.

"काही नाही आई, ती स्प्रिंग... म्हणजे सीट जरा खाली दबते..."

"म्हणजे मी जड आहे."

"छे छे! तुम्ही जड नाही, बॅटरी उंच आहे!"

मेंढपाळ खोकला. झिपारने डोळे मिटले.

"आई, तू पुढे बस ना," ती म्हणाली. "पोतं मागे ठेवू."

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "जागा बदलली म्हणजे मी जड आहे हे कबूल केल्यासारखं होईल. मी याच दारातून त्यांच्या अंगणात उतरणार. जावईबापू, उपाय काढा."

उपाय म्हणजे स्प्रिंग आणि बॅटरीच्या मध्ये रबर. पण रबर आणायचं कुठून? तिघांची नजर हळूहळू खाली गेली. झिपारचे बूट कातडी. सासूबाईंच्या बुटांवर चढवलेल्या रबरी गलोशा नव्याकोऱ्या. मग दोघींची नजर माझ्या गमबुटांवर येऊन थांबली.

"काढा," सासूबाई म्हणाल्या.

मेंढपाळाने आपणहून सुरी दिली. बुटाची वरची नळी तेवढी कापायची होती; पण माझा हात तो, सुरी थेट टाचेपर्यंत गेली. रबर बॅटरीवर छान बसलं. सासूबाई बसल्या. मी मुद्दाम एका मोठ्या खड्ड्यातून गाडी घातली. गाडी हूं की चूं न करता चालली!

मुलीच्या अंगणात सगळी मंडळी वाट बघत उभी होती. उजवं दार उघडून सासूबाई राणीसारख्या उतरल्या. आणि त्यांच्यामागून मी, एका पायात गमबूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, घोटाभर चिखलातून लंगडी घालत.

"अगं बाई!" मुलीची आजी, तोक्तोबुबू, कळवळून म्हणाली. "या पोराच्या पायाला काय झालं?"

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं म्हणजे बूट आला, बुटामागे बॅटरी आली, बॅटरीमागे वजन आलं.

"जन्मापासूनच तसं आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग काय, लंगडणं आलं. मला आधार देऊन आत नेलं, पाठीला लोड, पायाखाली उशी. आजी माझा मोजा आपल्या हातांनी धुवायला निघाली होती. मुलीचे वडील बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होते. शेवटी सासूबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आम्ही भलतंच ऐकलं होतं. आपली धडधाकट लेक अशा पायाच्या गरीब माणसाला देणारी बाई आमच्या पोरीला काय छळणार?"

"माणसाचं मन बघावं, पाय काय बघायचे," सासूबाई नम्रपणे म्हणाल्या.

कर्णफुलं घातली गेली. नुरझात लाजली, बायकांनी डोळे पुसले. निघताना सासूबाईंना रेशमी रुमाल मिळाला, झिपारला मखमलीचं कापड आणि मला कोरीव मुठीची सुरेख काठी.

घरी येताना सासूबाई मागून म्हणाल्या, "डॉक्टर असता तर इतकं छान लंगडला नसता." मी इतका खूश झालो, की रस्ता चुकलो.

शरद ऋतूत लग्न झालं. मी काठी घेऊन गेलो आणि मनापासून लंगडलो. लग्नघरात कामं सांगायला लोक धजत नव्हते, हाही एक फायदाच. जेवणाच्या वेळी तोक्तोबुबू आजी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"बाळा," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "त्या वेळी तर डावा पाय होता ना?"

मी एकदा डाव्या पायाकडे बघितलं, एकदा उजव्या. झिपार ताटात तोंड घालून बसली. पण सासूबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी एक खोल सुस्कारा सोडला.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं, आजी," त्या म्हणाल्या. "पाय दोन्ही चांगले आहेत हो. दोष वर, डोक्यात आहे. नव्या सोयऱ्यांना पहिल्याच दिवशी कसं सांगायचं?"

आजीने समजुतीने मान हलवली. मग मानाच्या पाहुण्यासाठी ठेवलेलं मेंढीचं अख्खं डोकं उचलून तिने माझ्या ताटात ठेवलं.

"खा बाळा," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मेंदूपासून सुरुवात कर."