आरमारकाकांचा झेंडा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये, आमच्या वसाहतीत, रोज सकाळी घरासमोर झेंडा चढवणारा एकच माणूस: आमचे आरमारकाका. झेंडा पिवळाधम्मक, चादरीएवढा, बंदरात शिरायची परवानगी मागताना जहाजं लावतात तो. थंडी अशी की शिंक जमिनीवर पडून खळकन फुटावी. तरी काका कोट-टोपी घालून सलाम ठोकणारच.

मूळ नाव कमांडर विदरबी. ब्रिटिश आरमारातून निवृत्त होऊन अमेरिकन बायकोमागे, मेरीमागे, इथे आले. मेरी गेली, काका राहिले. कुणाच्याही दारात उभं राहून, जहाजावर चढताना विचारतात तसं, त्यांचं ठरलेलं, "परमिशन टू कम अबोर्ड?"

आमची ही आतून ओरडते, "या काका, पण बूट काढून अबोर्ड या!"

त्यांच्या पदकाचा किस्सा मी प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने डबा आणायच्या जेवणाला, सांगतो. सुरुंगांनी भरलेला समुद्र, दाट धुकं, यंत्रं बंद, आणि काकांनी नुसत्या अंदाजाने अख्खं जहाज बाहेर काढलं. इथपर्यंत खरं. सुरुंग आपणहून बाजूला होत "या साहेब" म्हणत होते, ही माझी भर. काका मात्र लाल होतात. "नशीब, माय बॉय. भाजी फक्कड झालीय." मी पन्नाशीचा बॉय!

मग वसाहतीच्या कमिटीने फर्मान काढलं: झेंड्यामुळे घरांचा एकसारखेपणा बिघडतो, खांब काढा. एकसारखेपणा तरी केवढा! तीच बदामी भिंत, तेच पांढरं गॅरेज. यमसुद्धा पत्ता विचारत फिरेल. निरोप द्यायला मला धाडलं, "तुमचा दोस्त ना तो!" जन्मभर थापा मारताना अडखळली नाही ती जीभ "नियम आहे, काका" एवढं खरं बोलताना जड झाली.

"छोटा चालेल?" काकांनी विचारलं.

"नाही."

खांब उतरवताना शिडी मीच धरली.

आठवड्याने बर्फ पडला. संध्याकाळी आमच्या कुलपात कुणीतरी किल्ली खुपसत होतं. हिने दार उघडलं, तर काका!

"परमिशन ग्रँटेड!" मी ओरडलो.

काका हसले नाहीत. कान लाल, नजर पायपुसण्यावर. "चुकीच्या जहाजावर आलो. हल्ली सगळी घरं सारखीच दिसतात. झेंडा दिसला की कळायचं, हे आपलं." मग माझी बाही धरून हळूच म्हणाले, "लंडनला मुलाला सांगू नकोस. तो मला वृद्धाश्रमात हलवेल. मेरीचं घर आहे रे ते."

शिडी धरलेले हात कुठे लपवावेत, कळेना.

दुसऱ्या दिवशी आमचा दिवाळीचा आकाशकंदील मी काकांच्या पोर्चवर टांगला. सणाची सजावट नियमात बसते. कमिटीच्या बाई अधूनमधून विचारतात, "तुमची दिवाळी संपली नाही अजून?"

"आमची वर्षभर असते," मी ठोकून देतो.

संध्याकाळी काका फिरून येतात, तेव्हा मी खिडकीत उभा असतो. ते कंदिलापाशी थांबतात, टोपी काढतात आणि बंद दाराला हळूच विचारतात, "परमिशन टू कम अबोर्ड?"

जरा वाट बघतात. मग किल्ली लावतात.