भोरला जाण्यापूर्वी गाडीची करावयाची कामे

पत्राला उत्तर न देण्याची कारणं मुख्यतः तीन असतात: आळस, राग आणि वाहनाची देखभाल. पहिल्या दोहोंवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. तिसऱ्याकडे मात्र अभ्यासकांचं लक्ष गेलेलं नाही. खरं तर हे काम माझ्यापेक्षा अधिकारी माणसाने करायला हवं होतं (मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, पुस्तकं दिली, परत घेतली, स्वतः काही लिहिलं नाही). पण अधिकारी माणसांच्या गाड्या नव्या असतात. म्हणून नाइलाजाने मीच लिहितो आहे.

रंगनाथचं पत्र गणपतीच्या आधी आलं. आम्ही दोघांनी एकाच ग्रंथालयात, समोरासमोरच्या टेबलांवर नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर तो आपल्या गावी, भोरला, जाऊन राहिला. फोनवर आम्ही फारसं बोलत नाही, कारण फोनवर आम्हा दोघांनाही 'बरं, ठेवतो' एवढं एकच वाक्य नीट जमतं. पत्रातलं अक्षर त्याची पुतणी अक्षता हिचं होतं, मजकूर त्याचा होता.

'डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने वाचायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. आता दोन महिने मी करू काय? तुझ्याकडे गाडी आहे. चार दिवस ये आणि काहीतरी वाचून दाखव. अक्षता वाचते, पण नाटक वाचताना राजा आणि शिपाई एकाच आवाजात बोलतात. (हे तीच लिहिते आहे, तरी लिहायला सांगितलं आहे.) कधी येतोस ते कळव.'

भोर पुण्याहून दीड-दोन तासांवर आहे. उत्तर एका ओळीचं होतं. त्या ओळीत फक्त तारीख घालायची होती आणि तारीख गाडीवर अवलंबून होती.

आमची गाडी अठरा वर्षांची आहे. माझा मुलगा केदार याला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्याने ती घेतली आणि कोथरूड ते हिंजवडी, हिंजवडी ते कोथरूड अशी वर्षानुवर्षं चालवली. काट्यावर आज एक लाख ऐंशी हजार किलोमीटर दिसतात. एवढ्या अंतरात पृथ्वीला साडेचार प्रदक्षिणा होतात. आमच्या गाडीने त्या हिंजवडीच्या अलीकडेच पूर्ण केल्या. हल्ली केदार कंपनीच्या बसने जातो, कारण त्या रस्त्याचा गाडीला त्रास होतो.

वाहन माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असतं, असा एक गैरसमज समाजात आढळतो. तरुण गाड्यांच्या बाबतीत तो क्षम्य आहे. गाडी वयात आली, म्हणजे पंधराच्या पुढे गेली, की तिला स्वतःचीच एवढी कामं निघतात की इतरांसाठी वेळ काढणं तिला जमत नाही. गेल्या वर्षी आमची गाडी कुठे कुठे गेली याचा मी विचार केला. गॅरेजात गेली. प्रदूषणाचं प्रमाणपत्र आणायला गेली. चाकात हवा भरायला गेली, आणि या सर्व ठिकाणी जाता यावं म्हणून पेट्रोल भरायला गेली. एकूण प्रवासाच्या ब्याण्णव टक्के प्रवास तिने स्वतःच्या कामासाठी केला. उरलेले आठ टक्के म्हणजे पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या गाडीला वाट देण्यासाठी मागे-पुढे होणं, ही समाजसेवा समजावी.

लग्नाला, दवाखान्यात आणि नाटकाला आम्ही रिक्षाने जातो. त्या रिक्षांचा खर्च केदार गाडीच्याच खर्चात धरतो, कारण रिक्षा केली नसती तर गाडीची झीज झाली असती. ही पद्धत मला प्रथम समजली नाही. पण मला पुष्कळच गोष्टी प्रथम समजत नाहीत. ज्या खात्याचा सगळा निधी त्या खात्यावरच खर्च होतो, ते खातं सर्वांत सुरळीत चालतं, हे मी कॉलेजातही पाहिलं होतं.

गाडी विकावी असा विचार आमच्या घरात होत नाही असं नाही. तो दर दिवाळीला होतो. पण विकायची तर आधी ती चांगल्या स्थितीत आणावी लागते, आणि चांगल्या स्थितीत आली की विकायची कशाला, असा प्रश्न उभा राहतो. मागे एकदा जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा टाय लावलेला मुलगा आला होता. त्याने छोट्या यंत्राने गाडीच्या रंगाची जाडी मोजली, बराच वेळ बॉनेटमध्ये बघितलं आणि एक आकडा सांगितला. आदल्याच महिन्यात बसवलेले चार टायर त्याहून महाग होते.

"अरे केदार," माझी पत्नी मंदाकिनी म्हणाली, "याला फक्त टायर देऊन टाक. गाडी राहू दे आपल्याला."

मुलाने चहा घेतला आणि तो गेला.

त्यानंतर विक्रीचा विषय मागे पडला. पंधरा वर्षं झाली तेव्हा गाडीची सरकारी फेरतपासणी झाली, पर्यावरण कर भरला, आणि ती आणखी पाच वर्षं रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा कागद मिळाला. त्या दिवशी केदारने पेढे आणले. (मी दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन येतो. तेव्हा चहा मिळतो.)

तर, रंगनाथचं पत्र आल्यावर घरात बैठक झाली. गाडी भोरला जाईल यावर सर्वांचं एकमत होतं, मात्र त्यापूर्वी ती दाखवून आणावी असं ठरलं. आमच्या गाडीचा डॉक्टर म्हणजे नारायण पेठेतले अल्लाबक्षभाई. केदारने सुट्टी काढून गाडी तिथे नेली. मीही सोबत गेलो. (मला गाडी चालवता येते. पण हॉर्न वाजवायला संकोच वाटतो, त्यामुळे मी कोणाच्याही मागे बराच वेळ थांबून राहतो.)

"भाई, भोरला जाईल ना?" केदारने विचारलं.

"जाईल की." अल्लाबक्षभाईंनी हात पुसले. "परत पण यायचंय का?"

"म्हणजे काय! यायचंच आहे."

"मग बघावं लागेल."

तिथून योजना सुरू झाली. कात्रजकडचा चढ लक्षात घेऊन इंजिन गार ठेवणारं पाणी बदलण्यात आलं. पाणी नवं आल्यावर पाइप जुने दिसू लागले. पाइप नवे बसवल्यावर रेडिएटर गळू लागला. जुन्या भागाच्या शेजारी नवा भाग येऊन बसला की जुन्याला ते सहन होत नाही, हा यंत्रशास्त्राचा नियम असावा. ज्यांच्या घरी सून आली आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. (माझी सून ऋचा हे वाचणार आहे. आमच्याकडे तसं काही नाही.)

मग एसीचं काम निघालं. भोरला थंडी असते असं मी हळूच म्हणून पाहिलं, तर केदार म्हणाला, "बाबा, प्रश्न भोरचा नाहीये. प्रश्न गाडीचा आहे." हे बरोबर होतं. मध्ये पितृपक्ष लागला. नवीन पार्ट पितृपक्षात आणू नये असं मंदाकिनीचं म्हणणं पडलं. जुना पार्ट मात्र या काळात काढून ठेवायला हरकत नाही, असं ऋचाने मोबाइलवर शोधून काढलं. त्यामुळे पंधरा दिवस गाडी गॅरेजात अर्धी उघडी पडून राहिली.

"अहो," एके सकाळी मंदाकिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या रंगनाथरावांना एक कार्ड तरी टाका."

"गाडीचं नक्की झालं की टाकतो."

"पत्र तुम्हाला आलंय का गाडीला?"

मी या प्रश्नाचा विचार केला. पत्र मला आलं होतं. पण 'तुझ्याकडे गाडी आहे' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि गाडीवाचून गेलो तर पत्राचा निम्मा भाग खोटा ठरला असता. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. चार दिवस वाचून दाखवण्याइतका माझा आवाज राहिला आहे का, आणि राहिला असला तरी रंगनाथला चार दिवस मी पुरेन का, याची मला खात्री नव्हती. गाडीचं काम चालू असलं की माणसाला स्वतःची तपासणी करावी लागत नाही. वाहनाचा हा एक मोठा उपयोग आहे आणि तो कोणत्याही जाहिरातीत सांगितलेला नसतो.

दसऱ्याला गाडी घरी आली. झेंडूचा हार घालून पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवून केदारने गाडी हातभर पुढे घेतली आणि नव्याने दिलेल्या रंगाला ओरखडा नको म्हणून लगेच हातभर मागे घेतली. त्या वर्षातला तो आमचा पहिलाच सहकुटुंब प्रवास होता.

पुढच्या रविवारी निघायचं ठरलं. मंदाकिनीने गुळाच्या पोळ्यांचा डबा भरला. मी दोन नाटकं आणि एक प्रवासवर्णन पिशवीत घातलं. सगळे खाली पार्किंगमध्ये जमलो. इंजिनाचा आवाज असा येत होता की चालू आहे की बंद ते समजू नये. सीटवर नवी कव्हरं होती. एसीतून हिमालयाची हवा येत होती. केदार स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, पण गिअर टाकत नव्हता.

"काय झालं रे?" ऋचाने विचारलं.

"नाही, म्हणजे..." केदार म्हणाला. "आत्ता कुठे सगळं नीट झालंय. इतक्या वर्षांत गाडी कधी अशी नव्हती. आणि लगेच एवढ्या लांब न्यायची?"

मी त्या युक्तिवादात चूक शोधत होतो. मला ती सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही. भोरला जाण्यासाठी गाडी चांगली करायची. गाडी चांगली झाली. आता ती भोरला नेली तर पुन्हा खराब होणार. ऋचाने डिकीतून कव्हर काढलं, दोघांनी ते दोन बाजूंनी धरून गाडीवर चढवलं आणि खालची दोरी बांधली.

मी डबा मंदाकिनीपुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"डबा मी गाडीसाठी नव्हता केला," ती म्हणाली. "पिशवी आहे, पुस्तकं आहेत. स्वारगेटला रिक्षा मिळते."

ती जिना चढून वर गेली. मी थोडा वेळ पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि मग गेटकडे गेलो. रिक्षा मिळाली.

स्वारगेटच्या बाकावर बसून मी रंगनाथच्या पत्राचं उत्तर लिहिलं. कार्ड पिशवीत कधीचं होतं, पत्ताही घालून ठेवलेला होता. 'प्रिय रंगनाथ, आज येतो आहे.' टपालपेटी आसपास दिसली नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही, म्हणून कार्ड खिशात ठेवून एस.टी.त बसलो. पंचाहत्तरीनंतर एस.टी. पैसे घेत नाही. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट दिलं. (या प्रवासाला काही किंमत नव्हती, याचा लेखी पुरावा म्हणून ते केदारने नंतर माझ्याकडून मागून घेतलं.)

शेजारी एक गृहस्थ बसले होते. "एरवी मी गाडीनेच जातो," ते आपण होऊन म्हणाले. "सध्या सर्व्हिसिंगला टाकलीय."

"माझी कालच आली सर्व्हिसिंगहून," मागच्या सीटवरून दुसरे म्हणाले. "म्हणून काढली नाही."

खिडकीबाहेर कात्रजचा चढ आला आणि गेला. एस.टी.च्या पाण्याची चौकशी कोणी केली नाही.

रंगनाथ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. बाजूला आजचं वर्तमानपत्र होतं आणि त्यावर चष्मा होता. दोन महिने संपून आठवडा होऊन गेला होता. मला येताना पाहून त्याने चष्म्यावर पंचा टाकला. मीही तिकडे पाहिलं नाही.

"कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"गाडी कुठे लावलीस?"

"घरी."

"कशी आहे?"

"उत्तम. इतकी चांगली कधीच नव्हती."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला उगाच काळजी. उत्तर आलं नाही म्हटल्यावर वाटलं, गाडीला काही झालं की काय."

मी खिशातून कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. "उत्तर आणलं आहे."

त्याने हात पुढे केला नाही. "हातोहात? जन्मभर जावक क्रमांकाशिवाय चिठ्ठीसुद्धा हलू दिली नाहीस तू. आता हे असं चालणार नाही. कोपऱ्यावर पेटी आहे, तिच्यात टाक. रीतसर टपालाने येऊ दे मला."

"अरे, पेटी समोर आणि घर इथे. तरी दोन दिवस लागतील."

"तीन लागतील. मध्ये सुट्टी आहे." त्याने पंचा नीट करून चष्मा अजून थोडा झाकला. "आल्यावर वाचून कोण दाखवणार? मला तर वाचायला बंदी आहे."

आतून अक्षता ओरडली, "काका, शिपायाचा आवाज तुम्ही काढा हं! मी राजा."

मी पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावर चालत गेलो. चालताना मनात आलं की हे सगळं लिहिलं तर वाचणारे आमच्या घराला हसतील. हसू देत. त्यांचंही कोणाला तरी एखादं उत्तर राहिलं असेल. ते का राहिलं, हे मी विचारणार नाही. गाडीचं काम चालू असेल. होऊ द्या आधी ते व्यवस्थित, घाई करू नका.

मी कार्ड पेटीत टाकलं.