थरोफेअर आणि बादशहाची झोप

आमच्या गल्लीत इंग्रजी जाणणारा माणूस एकच आहे, आणि तो मी. स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही, मग करायचं काय? उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. शेजारच्या वर्गात मासळी बाजार भरलेला असायचा आणि माझी मुलं मात्र चिडीचूप. मुख्याध्यापक दारातून डोकावायचे आणि काही न बोलता निघून जायचे. इतका आदर!

म्हणून नातवाची झोपमोड होते म्हटल्यावर घरातले सगळे हताश झाले तरी मी झालो नाही.

नातू अजून पालथाही पडत नाही, पण घरात त्याला आम्ही बादशहा म्हणतो, कारण तो जागा असताना दुसऱ्या कोणाची झोपायची टाप नाही. आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते. सिग्नल चुकवायचा म्हणून सगळ्या गाड्या इकडून घुसतात आणि नेमक्या आमच्या खिडकीखालच्या वळणावर हॉर्न वाजवतात. दुपारी बादशहाचा डोळा लागला रे लागला की भोंगा. सूनबाई रडकुंडीला आली होती.

"बाबा, हा आठवडा बघते," ती म्हणाली. "नाही जमलं तर याला घेऊन माहेरी जाते. तिथे निदान झोपेल तरी."

बादशहा जाणार ही कल्पनाच मला सोसवेना. पण चेहरा शिक्षकाचा ठेवला. म्हटलं, "दोन शब्दांचं काम आहे. आजच्या आज गल्ली शांत करतो."

"मग 'रस्ता बंद' असं लिहा," बायको म्हणाली.

"ते वाचून कोणी वळतं का? लोक पुढे जाऊन बघतात, खरंच बंद आहे का ते. धाक बसवायचा तर इंग्रजीच हवं."

"अहो, पण कळणार कोणाला?"

"न कळण्यातच धाक असतो."

हे वाक्य मला अजूनही आवडतं.

पेंटरकडून पाटी करून घेतली. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत इंग्रजी अक्षरं: नो थरोफेअर. पेंटर म्हणाला, "सर, शब्द लांबलचक आहे. गाडीवाल्याचा वाचून होईपर्यंत तो निघून गेलेला असेल." मी नुसता हसलो. गल्लीच्या तोंडाशी खांब नव्हता, म्हणून पाटी आमच्या खिडकीखालच्या खांबाला लावली. तिथून ती मलाही वाचता येत होती.

पहिला टेम्पो आला आणि पाटी बघून चक्क थांबला. बघितलंत? धाक.

टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "काका, हे काय लिहिलंय?"

असा प्रश्न मला निवृत्तीनंतर कोणी विचारला नव्हता. मी चपला घालून खाली उतरलो. "थरोफेअर म्हणजे हमरस्ता. या टोकाने शिरावं, त्या टोकाने निघावं, असा सर्वांना मोकळा, रहदारीचा रस्ता. आता यातला 'थरो' म्हणजे आरपार, आणि 'फेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत जाणं, प्रवास करणं. आणि त्याआधी 'नो' आलं, म्हणजे इथून आरपार जाऊ नये."

"वा, छान समजावलंत," टेम्पोवाला म्हणाला. "पण आता मागे कसा जाऊ? मागे रांग लागलीय."

लागली होती खरी. रांगेतला प्रत्येक जण हॉर्न वाजवत होता. टेम्पोवाला नाइलाजाने पुढे गेला, आरपार. त्याच्या मागचा पाटीपाशी आला, थांबला आणि म्हणाला, "काका, हे काय लिहिलंय?"

वर बादशहाने सूर लावला.

पुढचे दोन-तीन दिवस हेच. पूर्वी गाड्या निदान हॉर्न मारून पळायच्या, आता थांबून हॉर्न मारू लागल्या. नेहमीचे कुरिअरवाले तर नवख्यांना मुद्दाम थांबवून सांगायचे, "विचार, विचार, सर फार छान सांगतात." शेजारचे वकील स्वतःची गाडी घरी आणताना अडले आणि 'मी आरपार जात नसून घरी जातोय, तेव्हा मला हे लागू आहे का' यावर त्यांनी माझ्याशी सविस्तर वाद घातला. हजेरी भरगच्च होती. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

वर बघितलं तेव्हा सूनबाई कपाटातून बॅग काढत होती. आता मात्र मजा संपली.

तिने लगेच टॅक्सी बोलावली, दूध-दुपटी भरली आणि बादशहाला माझ्या हातात देऊन म्हणाली, "धरा, मी बाटल्या घेऊन येते." तो असा किंचाळत होता की माझ्या चष्म्याची काच हलली. टॅक्सी काही येईना. शेवटी फोन आला. टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, वळणापाशी अडकलोय. इथे कसलीतरी पाटी आहे, पुढे जायचं की नाही?"

"जा, बाबा, तुमचंच काम आहे," सूनबाई मला म्हणाली.

मी रडका नातू खांद्यावर घेऊन खाली गेलो. दोन्हीकडून गाड्या, सगळे भोंगे चालू. पण विचारलंय तर सांगायला हवं. मन लागत नव्हतं, तरी सुरू केलं. "थरोफेअर म्हणजे हमरस्ता. या टोकाने शिरावं..."

'आरपार' म्हणेपर्यंत बादशहाचा आवाज खाली आला. 'जुन्या इंग्रजीत' म्हणताच त्याने जांभई दिली. 'नो' येण्याआधी त्याची मान माझ्या खांद्यावर पडली आणि एवढ्या गोंगाटात तो गाढ झोपला. टॅक्सीवालाही स्टिअरिंगवर हात ठेवून डुलत होता.

सूनबाई दारात बाटल्या घेऊन उभी. तिने बादशहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टॅक्सी परत पाठवली.

बायको म्हणाली, "वर्गात टाचणी का ऐकू यायची, ते कळलं हो आज."

बोलू दे. बादशहा घरीच राहिला, तो माझ्या इंग्रजीमुळे. पाटी काढली, बायकोने त्या जागी 'बाळ झोपलंय' लिहिलेला पुठ्ठा लावलाय आणि लोक म्हणे हॉर्न वाजवत नाहीत. तो योगायोग समजा. सूनबाईने माझं विवेचन फोनवर भरून घेतलंय, रोज दुपारी लावते. परवा म्हटलं, आपणही शेजारी बसून ऐकावं, कुठे काही सुधारता येईल का बघावं. 'हमरस्ता'पर्यंत फारच सुंदर झालंय. पुढचं मला आठवत नाही. बायको म्हणते, चहाला उठवलं तेव्हा आम्ही दोघंही एकाच कुशीवर होतो.