इथंच मरायचा विचार आहे का?

ॲरिझोनातल्या मेसा गावी वेंडेल हॉस्किन्स या शाळेच्या बसचालकाने घर विकत घेण्याचे ठरवले, आणि त्याच घरात मरण्याचेही. परसात पेकनचे, म्हणजे अक्रोडासारख्या फळाचे, झाड लावायचे, दहाएक वर्षांनी ते फळाला आले की मार्लिसने, म्हणजे बायकोने, त्या फळांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजायचा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. अशा माणसाने घरकर्जाला तीस वर्षांचा स्थिर व्याजदर घ्यावा, हे उघड होते. हप्ता जरा जड, पण शेवटपर्यंत तोच.

"स्थिर?" कर्जाचा दलाल ब्रॅडी याने पेन खाली ठेवले आणि आजाऱ्याशी बोलावे तसा तो हळू बोलू लागला. "वेंडेल, या देशात एका घरात तीस वर्षं राहतं कोण? बदलता दर घे. पहिली दोन वर्षं हप्ता हलका. दर चढायच्या आत घराची किंमत चढते, मग नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. जी वर्षं तू तिथं राहणारच नाहीस, त्यांचे पैसे आत्तापासून कशाला भरतोस?"

"पण मला तिथंच राहायचंय."

"हे चारचौघांत बोलू नकोस, बाबा."

वेंडेल नेमका चारचौघांत बोलला. रविवारी मेव्हणा गस याच्या परसात मांस भाजणे चालू होते. गसने बदलता दर घेऊन उरलेल्या पैशांतून बोट घेतली होती. ती वाळवंटात, दारासमोर उभी असे.

"स्थिर दर?" गस म्हणाला. "भाऊजी, तिथंच मरायचा विचार आहे का?"

सगळे हसले. मार्लिसही थोडी हसली. तीस वर्षांचा निर्णय तिथे झाला.

वेंडेलने बदलता दर घेतला आणि परसात झाड लावले. दोन वर्षांनी दर बदलला. बदलत्या दराला खाली जाण्याचीही मुभा होती, ती त्याने घेतली नाही. नवे कर्ज काढावे, तर गल्लीतल्या सगळ्यांनी एकदमच घरे विकायला काढल्याने किमती कोसळल्या होत्या. ब्रॅडी म्हणाला, "दर बदललाय, आता तुम्हीही थोडं बदला." हॉस्किन्स कुटुंब बदलले. गाडी विकली, मार्लिसने दुसरी नोकरी धरली, मांसाच्या जागी डबाबंद घेवडा आला. मग बँकेने घरच घेतले.

झाडाला पाणी घालणे बँकेच्या नियमात बसत नव्हते. वेंडेल भाड्याच्या खोलीतून बादली घेऊन गेला, तेव्हा बँकेच्या पहारेकऱ्याने त्याला कुंपणाशीच अडवले.

"झाड मी लावलंय," वेंडेल म्हणाला. "वाळतंय ते."

"इथं तुम्ही राहत नाही, साहेब."

ब्रॅडीचे म्हणणे अशा रीतीने अक्षरशः खरे ठरले. वेंडेलने बादली रस्त्यावर ओतली.

पुढच्या वसंतात बस आगारात नव्या चालकाने, लग्न ठरलेल्या कोलबीने, विचारले, "वेंडेल, घर घेतोय. दर स्थिर घेऊ की बदलता?"

सगळे चालक कॉफी घेत ऐकत होते. झाडाचे सांगायला वेंडेलने तोंड उघडले. मग त्याने त्या सगळ्यांकडे पाहिले.

"स्थिर? तिथंच मरायचा विचार आहे का?"

सगळे हसले. कोलबीने शहाण्यासारखी मान हलवली. तशी ती तुम्हीही मघाशी ब्रॅडी बोलत असताना हलवली होती.