मंडईतला दुश्मन

खैरटोल्याच्या तेजरामचं एक ठाम मत होतं. जे त्याला ठाऊक असतं, ते कलेक्टरलाही ठाऊक नसतं. बालाघाटच्या पोलीस लाइनीत त्याचा साळा स्वयंपाकी होता आणि तेवढ्या भांडवलावर तेजराम हट्ट्यापासून लालबर्‍यापर्यंतच्या सगळ्या सरकारी बातम्यांचा मालक होऊन बसला होता.

पासष्टची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी संपत आली आणि गावाबाहेरच्या जंगलात फौजेचे तंबू लागले. नाल्याच्या पलीकडे पोलिसांचेही लागले. कोतवालाने दवंडी दिली की दोघांचा मिळून सराव आहे, पोलीस दुश्मन बनून वेष पालटून फिरतील, फौज त्यांना हुडकेल, कोणी घाबरू नये. सरकारने इतकं खुलासेवार सांगितल्यावर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

महागूच्या पानठेल्यावर त्याच संध्याकाळी खरी कारणं बाहेर पडली. भैयालाल म्हणाला, "हट्ट्याच्या बावडीत राजाचं सोनं हाय. रात्री उपसून नेतेत. सराव-बिराव देखावा हाय, बाप्पा."

सगळा ठेला भैयालालकडे तोंड करून बसला. महागूने त्याच्या पानात न मागता जास्तीचा कात लावला. हे काही तेजरामच्याने पाहवेना. गावात पोलीस लाइनीतला साळा कोणाचा, आणि पान कोणाला!

"सोनं कायचं घेऊन बसला गा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "फौज आन् पुलिस एकत्र काहून आली? मंडईची जत्रा भरते त्याच हप्त्यात काहून आली? मंडईले दहा गावचे पोट्टे एका जागी जमतेत. बिनलग्नाचे तेवढे उचलतेत आन् ट्रकात भरून थेट सरहद्दीवर!"

"साळ्यानं सांगतलन?" महागूने विचारलं.

"आता साळ्याचं नाव मी घेऊ काय?"

महागूने पुढचं पान तेजरामला दिलं, तेही न मागता. तेजराम तृप्त होऊन घरी गेला आणि दोन घास जास्त जेवला. स्वतःच्या बोलण्यावर त्याचा कवडीइतका विश्वास नव्हता. विश्वास ठेवणं हे ऐकणार्‍याचं काम, असं तो मानायचा. पण सकाळच्या बसने ती गोष्ट लालबर्‍याच्या बाजारात गेली, हे त्याला कसं कळावं?

आणि लालबर्‍यात तर त्याचा जीव अडकला होता. तिथल्या खेमराज पटेलाचा मुलगा मोतीलाल त्याच्या मुलीला, पुष्पलतेला, पाहायला मंडईच्या दिवशी येणार होता. त्या काळी आमच्याकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नव्हती. दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरायची. गुरं राखणारे गोवारी मोरपिसं बांधून नाचायचे, जिलबीच्या कढया चढायच्या, भर दुपारी नाचगाण्याच्या सोंगांची दंडार रंगायची आणि तिच्या आडून निम्म्या परगण्याच्या सोयरिकी जुळायच्या. पाहुण्याला घरात बसवून प्रश्न विचारायला नकोत. पोरगा जिलबी घेतो, पोरगी बांगड्या घेते, आयाबाया डोळ्यांनीच काय ते उरकतात. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो. पुष्पलतेला आधी कितीतरी जण पाहून गेले होते आणि घरी पोचल्यावर कळवतो म्हणाले होते. ते अजून घरी पोचलेच नव्हते बहुतेक. मोतीलालचं स्थळ हातचं गेलं असतं तर बायकोने, शांताबाईने, तेजरामला चुलीत घातलं असतं.

मंडईचा दिवस उजाडला. मंडईचा प्रमुख तेजरामच होता आणि नदीपल्याडची नामी दंडार त्याने ठरवली होती. दुपार कलली तरी दंडार येईना. तिची बैलबंडी फौजेने नाल्यावर अडवून ठेवली होती. माणसं ओरडायला लागली. तेवढ्यात वडाच्या मागून पाचसहा अनोळखी माणसं दबकत आली. कोणी फेटा बांधलेला, कोणाची दाढी नकली, आणि एक दणकट गडी चक्क लुगडं नेसलेला.

"आलात एकदाचे!" तेजरामने लुगडंवाल्याचा हात धरला. दंडारीत बाईचं काम पुरुषानेच करायचं, हे लहान पोरालाही ठाऊक. "पहिले दोन घास खा, मंग उभे राहा."

"हम... वो..." दाढीवाला चाचरला.

"मंडईत हिंदीत बोलू नोका, लोक हासतेत."

तो होता पोलिसांचा हवालदार आणि बाकीचे त्याचे शिपाई. आपण कोण ते कोणालाही सांगायचं नाही, असा त्यांना सक्त हुकूम. बिचारे मुकाट्याने वडे-भात जेवले आणि मुकाट्याने मांडवात उभे राहिले. ढोलकी वाजली. लुगडंवाला शिपाई बैहरकडचा, नाचणार्‍यांच्या मुलखातला निघाला. एक गिरकी घेतली आणि अशी घेतली की म्हातार्‍यांनीही मान पुढे काढली.

याच वेळी मांडवाशेजारी खेमराजची रेंगी येऊन थांबली. दोन बैलांच्या त्या गाडीतून खेमराज उतरला, बायको तुळसाबाई उतरली, आणि त्यांच्यामागून हातभर पदर ओढलेली एक उंच बाई उतरली. मोतीलाल कुठे दिसेना. तेजराम खेमराजच्या कानाशी गेला.

"पोरगा?" त्याने हळूच विचारलं.

"आणला हाय," खेमराज इकडेतिकडे पाहत पुटपुटला. "मंग सांगतो."

सांगायची वेळच आली नाही. फौजेचा सुभेदार चार जवान घेऊन मंडईत शिरला. दुश्मनांतला एक लुगडं नेसून आहे, एवढी खबर त्याला लागली होती. मांडवातल्या नाच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जो ढोलकीवर नाचतो तो दंडारीतला असणार, हे त्याला ठाऊक होतं; तोही शेजारच्या भंडार्‍याचा, दंडार पाहून वाढलेला. त्याची नजर गेली रेंगीजवळच्या उंच बाईकडे. पोरीवर छाप पडावी म्हणून तिने मनगटावर नवं मर्दानी घड्याळ बांधलं होतं.

जवानाने पदर ओढला. आत तेल लावून पिळलेली मिशी!

"दुश्मन पकड़ा गया, साब!"

"नेऊ नोका हो त्याले!" तुळसाबाईने हंबरडा फोडला. "एकुलता एक हाय माहा!"

मंडईत एकच हाकाटी झाली. पोट्टे नेऊन राह्यले! बिनलग्नाची सगळी पोरं उभ्या धानात पळाली. त्यांच्यामागे काही लग्नाची पोरंही पळाली, ती का ते त्यांच्या बायकांनी नंतर विचारलं. तेजरामची छाती मात्र क्षणभर फुगली. आपलं खोटं खरं निघालं! मग त्याने पकडलेला चेहरा पाहिला आणि छाती जागेवर आली.

"साहेब, हा माहा होणारा जावई हाय," तो पुढे धावला.

"जावई? लुगड्यात?" सुभेदार मराठीवर आला.

खेमराजने मान खाली घातली. "शब्द दिलता, यावं त लागत होतं. बजारात आयकलं, फौज बिनलग्नाचे पोट्टे उचलते. मंग याच्या मायनं हे नेसवून आणलं."

"असं सांगितलं कोणी?"

 अख्ख्या खैरटोल्याची मान तेजरामकडे वळली. भैयालालने तर बोटही केलं.

तेवढ्यात मांडवातली ढोलकी थांबली. नाच्या आणि त्याचे साथीदार पदर खोचून निघाले, सुभेदाराच्या जीपपाशी गेले आणि खडूने तिच्यावर भली मोठी फुली मारली. सरावाच्या कायद्याने जीप उडाली, फौज हरली. सुभेदार बघतच राहिला.

"तेजरामभाऊ," खेमराज कडाडला, "माह्या पोराले सार्‍या मंडईत नाचवलं तुमच्या जिभेनं. ही सोयरीक होत नाई. तुळसा, चाल, बस रेंगीत."

तेजराम रेंगीपुढे आडवा उभा राहिला.  एवढ्यात बांगड्यांच्या दुकानापाशी उभी असलेली पुष्पलता पुढे आली. शांताबाईने हात धरला, तो तिने सोडवला.

"मामाजी, आजपर्यंत किती जण मले पाहून गेले," ती खेमराजला म्हणाली. "दरवेळी मीच पदर घेऊन, खाली मान घालून बसली. कोणी बोलून दाखव म्हटलं, कोणी चालून दाखव म्हटलं. लाजेनं कसं मरून जाते माणूस, ते आज याले समजलं. असा नवरा मले दुसर्‍या कोणत्या गावात भेटन? मले पसंत हाय."

 सुभेदाराने टोपी काढून हातात घेतली. तुळसाबाईने डोळे पुसले आणि पोरीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खेमराजचा हात बैलाच्या पाठीवर तसाच राहिला. मग तो मोतीलालकडे वळला.

"आन् तुह्यं काय म्हणणं हाय बे?"

मोतीलालने पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि मान वर न करता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला,

"बाबा म्हणतीन तसं."