डेसमंडचा उजवा हात

वीस मीटर.

लिंबाएवढा काळा गोळा, स्टिअरिंगवर डाव्या बाजूला बसवलेला.

ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक सुटला की ती आपली आपण पुढे सरकते. मुंगीच्या चालीनं, पण सरकते.

शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मेव्हिस ओपनशॉची लांब काठी आणि तिच्या टोकावरची ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी.

कीथली गावात कुणी वाट दिली आणि तुम्ही हात वर केला नाहीत, तर तुमच्या नातवंडांनाही ते ऐकून घ्यावं लागतं.

आता ओळीनं सांगतो. डेसमंड सगडेननं एकतीस वर्षं बस चालवली. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पायांनी कामावर यायचंच सोडलं. वीस मीटरही चालता येत नाही, हे चाळीस पानी फॉर्म भरून सिद्ध केलं तेव्हा सरकारी अपंग भत्ता सुरू झाला. तो भत्ता हातात न घेता त्याबदली तीन वर्षांच्या करारावर गाडी मिळते. डेसमंडनं निळी घेतली. पायांचं काम हातांनी करायची सोय बसवून घेतली. डाव्या हातात स्टिअरिंग फिरवायला तो गोळा. उजव्या हातात दांडा: ओढला की वेग, ढकलला की ब्रेक.

“दहा मिनिटांत सही घेऊन येतो बघ!” तो बायकोला, ग्लेनिसला म्हणाला. “बस चालवलीय मी. ही तर बाबागाडी!”

‘हा आता एकटा चालवू शकतो’ अशी सही हवी होती शिकवणाऱ्या नटॉलसाहेबांची. ती मिळाली नाही, तर चावी ग्लेनिसकडे. म्हणजे दर शनिवारी क्लबात बायकोशेजारी बसून जायचं, आणि ती म्हणेल तेव्हा निघायचं!

नटॉल शेजारी बसले, ग्लेनिस मागे. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. शाळेसमोर मेव्हिस पाटी घेऊन रस्त्यात उतरली. डेसमंडनं दांडा ढकलला, गाडी थांबली. पोरं पलीकडे गेली. मेव्हिसनं वळून हात वर केला: थँक्यू!

आता सांगा, माणसानं काय करायचं?

डेसमंडचा उजवा हात वर गेला. एकतीस वर्षांचा सराव, त्याला कोण अडवणार! दांडा सुटला. गाडी मेव्हिसच्या अंगावर सरकली.

“सॉरी, डेस!” मेव्हिस मागे उडी मारत ओरडली. कारण कीथलीत गाडी ज्याच्या अंगावर येते, तोच माफी मागतो.

डेसमंडनं दांडा ढकलून ब्रेक लावला. पण ‘सॉरी’ तशीच लोंबकळत ठेवायची?

“छे छे, चूक माझी!” हात वर. गाडी पुढे.

“नाही रे बाबा, मीच मध्ये उभी!” मेव्हिस आणखी दोन पावलं मागे.

“हात खाली!” नटॉल किंचाळले.

“अहो, बाईमाणूस माफी मागतंय!”

“तिला मारून टाकून मग आभार मानणार का?”

“डेस,” ग्लेनिस मागून म्हणाली, “जीभ आहे ना तुला?”

“काच बंद आहे! तिला ऐकू कसं जाणार?”

फुटपाथवर पोरं ओरडायला लागली, “परत! परत!” मागच्या व्हॅनवाल्याचा हात आरशात दिसला: सावकाश होऊ द्या, घाई नाही. इतका भला माणूस! डेसमंडचा हात...

या वेळी मेव्हिस पळाली ती काठी टाकूनच. पाटी बॉनेटवर आडवी झाली आणि काचेतून डेसमंडच्या तोंडासमोर शब्द आला: थांबा. तेव्हा तो थांबला.

नटॉलनी फॉर्म काढला. ‘नापास होण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं: ‘स्वभाव. पुढच्या मंगळवारी पुन्हा.’

घरी ग्लेनिसनं गाडी चालवत नेली. अरुंद गल्लीत एका ट्रकवाल्यानं वाट दिली. ती सरळ पुढे बघत निघून गेली. शेजारी बसलेल्या डेसमंडनं दोन्ही हात वर केले.

“त्याला वाटेल मी तुला पळवून नेतेय,” ग्लेनिस म्हणाली.

त्या सकाळी साडेनऊला, गाडी अंगणातून निघण्याआधी, नटॉलनी एक छोटं बटण दाखवलं होतं. थांबल्यावर ते दाबलं की गाडी हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. डेसमंडनं हात वर करून त्यांचे आभार मानले होते.